पुढचा नंबर माझा

माझ्या भावाला झोका लागतो. त्याची चाळिशी उलटून गेली आहे, दाढीत पांढरे केस आहेत आणि माझ्यापेक्षा तो हातभर उंच आहे. हे आधीच सांगून टाकते. ज्यांना हसायचं आहे त्यांनी इथंच हसून घ्यावं, मध्ये मध्ये फिदीफिदी नको.

सगळे त्याला गुंडू म्हणतात. मी कपडे शिवते, म्हणजे खरं तर दुसऱ्यांनी शिवलेले कपडे नीट करते. पँटची उंची कमी कर, चेन बदल, पोट सुटलं की शिवण उसव, पोट उतरलं की परत घाल. पुढची खोली म्हणजे दुकान, मागची म्हणजे घर. गुंडू दिवसभर माझ्या मशीनशेजारी बसून गुंड्या वेगळ्या करतो. काळ्या काळ्यांत, पांढऱ्या पांढऱ्यांत. संध्याकाळी मी सगळ्या परत एका डब्यात ओतते, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याला काम उरतं. त्याला ते ठाऊक आहे. डबा तोच आणून देतो.

पण गुंड्यांनी भागत नाही. त्याच्या अंगात दिवसभर काहीतरी साठत जातं. काय ते डॉक्टरांनाही सांगता आलेलं नाही, मी काय सांगणार. झोक्यावर बसला की ते उतरतं. पहिले काही हेलकावे त्याचे दात आवळलेले असतात, मग जबडा सुटतो, मग खांदे, आणि मग तो नुसता बसलेला माणूस होतो. झोका चुकला तर रात्री भिंतीवर कपाळ आपटतो. त्या भिंतीला मी उशीएवढ्या जाडीची गादी शिवून ठोकली आहे. तिची खोळ मला वरचेवर बदलावी लागते. का ते विचारू नका.

झोका आमच्या वसाहतीच्या बागेत. बाग म्हणजे काय, दोन इमारतींच्या रांगांमध्ये उरलेला लांबट तुकडा. कडेनं फिरायची वाट, मध्ये गवत, घसरगुंडी, पाण्याचा नळ, चार बाकं. लोखंडी चौकटीला एकच झोका, दोन साखळ्या आणि रबराची जाड पट्टी. पूर्वी या एका झोक्यावरून पोरांचे कपडे फाटायचे. मला कामही मिळायचं त्यातून. मग शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे सर होते, त्यांनी शिट्टी वाजवून नियम घातला. ज्याला बसायचंय त्यानं खांबाला हात लावून मोठ्यानं म्हणायचं, ‘पुढचा नंबर माझा.’ झोक्यावर जो असेल त्यानं पाय टेकवून उतरायचं, पट्टी धरून पुढच्याला बसवायचं आणि एक धक्का द्यायचा. आणि ज्यानं नंबर सांगितला त्यानं बसलंच पाहिजे. हे शेवटचं सरांना नंतर जोडावं लागलं. काही कार्टी नुसती दुसऱ्याला उठवायला नंबर सांगायची आणि पळून जायची.

सर गेले, नियम राहिला. आमच्या आईनं एक अख्खा उन्हाळा त्या चौकटीपाशी बसून गुंडूला तो शिकवला. इतर मुलं मोठी झाली, नोकऱ्यांना लागली, जिथं तिथं रांगा मोडू लागली. गुंडूनं कधी मोडली नाही. पोरगं चार वर्षांचं असो, खांबाला हात लावून बोबडं बोललं तरी हा धिप्पाड माणूस पाय टेकवायचा, उतरायचा, पट्टी धरायचा, पोराला काखेत धरून अलगद बसवायचा, हलका धक्का द्यायचा आणि जाऊन रांगेत उभा राहायचा. ‘उतर’ म्हटलेलं त्याला कळत नाही. ‘बास’ म्हटलेलंही नाही. झोक्यावरून उतरायचं एकच कारण त्याच्या डोक्यात आहे, ते म्हणजे दुसऱ्याचा नंबर.

म्हणून घरी जायच्या वेळी मी खांबाला हात लावायची. “पुढचा नंबर माझा.” तो उतरायचा, मी बसायची. पन्नाशीची बाई, गळ्यात मोजपट्टी, चपला हातात. तो एक धक्का द्यायचा. मी एकदा पुढे जायची, एकदा मागे यायची, उतरायची. मग “चल” म्हटलं की निघायचा, कारण सगळं नियमानं झालेलं असायचं. बाकांवरचे म्हातारे म्हणायचे, “काय ताई, झालं का विमान?” मी म्हणायची, “तुम्ही बसा की, तुमचंच जवळ आलंय उड्डाण.” असं चालायचं. वर्षानुवर्षं चाललं.

मग बागेच्या पलीकडच्या बाजूला ती नवी इमारत झाली. काचेच्या गॅलऱ्या. तिथल्या लोकांनी घरं घेताना समोरची बागही आपण घेतली असं धरलं. बाग समिती निघाली. गवतावर पायवाट होती ती बुजवली, बाकांना रंग दिला, दिवसा एक वॉचमन ठेवला. एवढं झालं तेव्हा मीही चांगलं म्हटलं. मग चौकटीशेजारी पाटी लागली. झोका फक्त बारा वर्षांखालील मुलांसाठी.

मी पाटीखाली उभी होते. बाबागाडी ढकलत एक आई आली, नव्या इमारतीतली. बोलायला गोड.

“ताई, तुमचा मुलगा का हा?”

“भाऊ.”

“हो का? चांगला आहे हो तो, तसं काही नाही. पण लहान मुलं असतात ना इथं.”

“तोही रांगेतच उभा असतो.”

“तेच ना. एवढा मोठा माणूस लहान मुलांच्या रांगेत.”

“मग कुणाच्या रांगेत उभा करू? बँकेच्या?”

ती हसली. राग येण्यासारखं तिला काही वाटलंच नाही, कारण तिचं काही जात नव्हतं. “मुलं घाबरतात हो,” ती म्हणाली.

रांगेत गुंडूच्या पुढे एक चष्मेवाली मुलगी उभी होती, तिच्याच इमारतीतली. ती म्हणाली, “मी नाही घाबरत. तो चीटिंग करत नाही. आपल्या बिल्डिंगमधली मुलंच चीटिंग करतात.”

“तू गप्प बस गं,” बाबागाडीवाली म्हणाली.

मुलांचं एवढंच चालतं.

समितीचे अध्यक्ष म्हणजे दाताचे डॉक्टर. त्यांचे पांढरे कोट मीच नीट करते. कोट द्यायच्या निमित्तानं दवाखान्यात गेले. त्यांनी मला खुर्ची दिली, म्हणजे ती दात काढायचीच खुर्ची, दुसरी नव्हती. मी त्यात मागे रेललेली आणि ते वरून बोलतायत.

“ताई, माझा वैयक्तिक विरोध अजिबात नाही.”

“मग पाटी कुणाची?”

“समितीची.”

“समिती कुणाची?”

“सगळ्यांची.” ते हसले. “असं करू. दुपारी बाग रिकामीच असते. शाळा सुटायच्या आत तासभर आणा त्याला. मी वॉचमनला सांगतो. कुणाला त्रास नाही, तुमचंही काम होईल.”

मी आभार मानले. त्या खुर्चीत पडल्या पडल्या आभार मानले. आठवलं की अजून कानशिलं तापतात. जे आमचं होतंच त्यातला तुकडा कापून त्यांनी मला दिला आणि मी हात जोडले. शिवणाऱ्या बाईला एवढंही कळू नये?

दुपारी जायला लागलो. उन्हानं साखळ्या अशा तापायच्या की हात भाजायचे. मी साखळ्यांना जाड कापडाच्या नळ्या शिवल्या, जाताना घालायच्या, येताना काढायच्या. गुंडू झोके घ्यायचा आणि मान वळवून खांबाकडे बघायचा. खांबापाशी कुणी नाही. आतापर्यंत कुणी ना कुणी असायचं. तो बघायचा, परत पुढे जायचा, परत बघायचा. शेवटी मी जाऊन हात लावायची तेव्हा त्याचा चेहरा सुटायचा.

वॉचमन बरा माणूस. त्याची पँट मी कमरेत सैल करून दिली होती. सावलीत बसून तो आमचा हा खेळ रोज बघायचा.

“ताई, मी म्हटलं तर उतरेल का तो?”

“उतरेल. खांबाला हात लावा आणि नंबर सांगा. पण मग बसावं लागेल हं.”

“मी? झोक्यावर? युनिफॉर्ममध्ये?” त्यानं इकडेतिकडे बघितलं. “नोकरी घालवता काय माझी?”

“शिवण मी पक्की घातलीय. फाटणार नाही.”

आम्ही दोघंही हसलो होतो. हसलो होतो म्हणून सांगते.

त्या दिवशी आमचा तास संपत आला होता. मी बाटली घेऊन नळावर गेले. तेवढ्यात फाटकातून अध्यक्ष चार पाहुणे घेऊन आत आले. बागेला झाडं देणारे कुणीतरी, त्यांना बाग दाखवायची होती. वॉचमन टोपी घालत पळत झोक्यापाशी गेला. साहेब यायच्या आत झोका मोकळा दिसायला हवा. तो काहीतरी म्हणाला, गुंडू झोके घेतच राहिला. अध्यक्ष वाटेच्या वळणापर्यंत पोचले. मग वॉचमनला आठवलं. त्यानं खांबाला हात लावला आणि म्हणाला. मला नळापर्यंत ऐकू आलं.

“पुढचा नंबर माझा.”

गुंडूनं पाय टेकवले. उतरला. पट्टी हातात धरून बाजूला उभा राहिला. किती दिवसांनी कुणीतरी नवीन रांगेत आलं होतं! मला त्याचा चेहरा दिसत होता. एवढा खूश मी त्याला बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता.

वॉचमन बसला नाही. कसा बसेल? साहेब आले होते, पाहुणे आले होते. त्यानं हातानं ‘जा, जा’ केलं आणि वळून सॅल्यूट ठोकला.

मी ओरडले, “बसा! अहो, बसा तुम्ही!” बाटली टाकून पळत सुटले.

गुंडूनं थोडं थांबून बघितलं. मग त्याला वाटलं असेल, याला चढता येत नाही. लहान मुलांना कुठे येतं? त्यानं वॉचमनला मागून काखेत धरलं, उचललं, अलगद पट्टीवर ठेवलं. वॉचमन किंचाळला, हातपाय झाडले, पट्टी मागे सरकली आणि तो पाठीवर पडला, हात अंगाखाली घेऊन. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. आणि मग गुंडूनं काय केलं? त्यानं रिकाम्या झोक्याला धक्का दिला. हलका. नियमाप्रमाणे एक. झोका पडलेल्या माणसाच्या वरून पुढे गेला आणि मागे आला.

काचेच्या गॅलरीतून कुणीतरी हे मोबाईलवर घेतलं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांकडे पोचलं, माझ्या गिऱ्हाइकांकडेसुद्धा. मीही बघितलं. वरून घेतलेलं, आवाज नाही. एक राक्षसासारखा माणूस मागून येतो, गणवेशातल्या माणसाला उचलतो, आपटतो आणि त्याच्या अंगावर झोका सोडतो. मला जर कुणी सांगितलं नसतं की हा माझा भाऊ आहे, तर मीही म्हटलं असतं, याला बांधून ठेवा.

समितीची बैठक बागेतल्याच छपराखाली झाली. गुंडूला शेजारच्या काकूंकडे ठेवून मी गेले. मी सगळं सांगितलं. सरांचा नियम, खांब, नंबर, बसवणं, धक्का. उभी राहून, हात लावून, वाकून, करून दाखवलं. लोक शांतपणे बघत होते, जसं कुणाच्या मयताला आलेले बघतात. मग मी वॉचमनला म्हटलं, “तुम्ही सांगा. तो मारत होता का तुम्हाला?”

त्याचा हात गळ्यात बांधलेला. तो फरशीकडे बघत म्हणाला, “नाही. तो... मला बसवत होता.”

“म्हणजे?” बाबागाडीवालीनं विचारलं.

“म्हणजे झोक्यावर. बसवत होता.”

“हात मोडेपर्यंत?” मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. वाईट हसू नव्हतं ते. ताण सुटला म्हणून हसतात तसं. वॉचमनही हसला. काय करेल बिचारा, त्यांच्याच हातात त्याची नोकरी.

अध्यक्ष म्हणाले, “ताई, यात कुणाचाच दोष नाही. आम्ही पोलिसांकडेही गेलो नाही, हे तुम्ही लक्षात घ्या.”

“दोष नाही तर शिक्षा कसली?”

“शिक्षा नाहीच. आम्ही तुमच्या भावाला बंदी घातलेली नाही. बाग सगळ्यांची आहे. आम्ही झोकाच काढतोय. सगळ्यांसाठीच. म्हणजे भेदभाव नको. त्याच चौकटीला लहान मुलांसाठी बादलीसारख्या बैठका येतील, पट्टा असलेल्या.”

त्यांनी शिवी दिली असती तर मलाही शिवी देता आली असती. मी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. कुणाची पँट, कुणाचा कोट, कुणाच्या मुलीचा फ्रॉक. सगळे माझ्या हाताखालून गेलेले. एकाही चेहऱ्यावर मला दुष्टपणा सापडला नाही. सापडला असता तर धरून ठेवायला काहीतरी मिळालं असतं.

निघताना डॉक्टर माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले. “आता अशांना सांभाळणाऱ्या संस्था खूप चांगल्या असतात, ताई. तुमचंही वय होतंय.”

तेही करून झालं. एका संस्थेत जाऊन आले. स्वच्छ होती. अंगणात झोका होता. त्याच्या साखळ्या वर गुंडाळून कुलूप घातलं होतं. तिथल्या बाईंनी सांगितलं, “मागे एकजण पडला, तेव्हापासून.”

घरात झोक्यासाठी छताला कडी ठोकून बघितली. घरमालकाला न विचारता ठोकली. गुंडू बसला, दोन हेलकावे झाले आणि कडी सिमेंटच्या ढेपळासकट खाली आली. तिसरा झाला असता तर तोही माझ्या मशीनवर आला असता. दुसरी बाग आहे, बसनं जावं लागतं. बसमध्ये तो चढतो, पण माणसं दाटली की ओरडायला लागतो. एकदा पोचलो कसेबसे. तिथली मुलं नंबर सांगत नाहीत, नुसतं “ए, उठ” म्हणतात. उठला नाही म्हणून एकानं खडा मारला. परत चालत आलो.

झोका काढला त्या दुपारी मी त्याला नेलं नाही. दुकानाचं दार लावून घेतलं. पाना फिरवल्याचा आवाज इथपर्यंत येत होता. गुंडूनं गुंड्या थांबवून कान दिला, मग परत सुरू केल्या. त्या रात्री भिंतीवरची गादी उसवली. दुसऱ्या रात्री तो गादी नसलेल्या भिंतीकडे गेला. मी मध्ये उभी राहिले. त्याचं कपाळ माझ्या खांद्यावर आपटत राहिलं आणि मी तेवढंच म्हणत राहिले, “हो रे, हो रे, हो.” सकाळी हात वर होईना. आलेल्या गिऱ्हाइकाला म्हटलं, “उद्या या.” तो म्हणाला, “झोपेत अवघडला का खांदा?” मी हो म्हटलं.

संध्याकाळी तोच उठला. डबा मला आणून दिला, चपला घातल्या आणि दाराशी उभा राहिला. किती दिवस दार लावून ठेवणार? नेलं.

चौकट उभी होती. वरच्या नळीला दोन रिकाम्या कड्या. नवीन बैठका यायच्या होत्या. आसपास मुलं खेळत होती, आया बाकांवर होत्या. आम्ही आलो तसा त्यांचा आवाज खाली आला. एकदोघींनी मुलांना जवळ बोलावून घेतलं.

मला वाटलं होतं, तो ओरडेल. जमिनीवर लोळेल. त्याची मी तयारी ठेवली होती, पिशवीत टॉवेल होता, गोळी होती. त्यानं तसं काहीच केलं नाही. त्यानं वर बघितलं, खाली बघितलं. झोका जिथं असायचा तिथली माती मुलांच्या पायांनी खोलगट झाली आहे, ती बघितली. मग तो बाजूला झाला, खांबाला हात लावला आणि मोठ्यानं म्हणाला, “पुढचा नंबर माझा.”

आणि उभा राहिला.

त्याच्यासारखं थांबता कुणालाच येत नाही. आयुष्यभर तेच तर शिकवलं त्याला. नंबर सांगितला की थांबायचं. थांबलं की मिळतं. त्याच्या तोंडावर राग नव्हता, काही नव्हतं. कुणीतरी झोक्यावर आहे आणि ते उतरेल, एवढंच.

“गुंडू, चल घरी.”

नाही.

“झोका नाहीये रे. काढला. बघ, नाहीये.”

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी रांग मोडायला सांगतेय.

चष्मेवाली मुलगी धावत आली. त्याच्या मागे उभी राहिली, खांबाला हात लावला. “त्याच्यानंतर माझा,” ती म्हणाली. तिला खेळ वाटला की कळलं होतं, मला माहीत नाही. गुंडूनं मागे वळून तिला बघितलं आणि थोडं पुढे सरकून जागा दिली. मग गॅलरीतून हाक आली आणि ती गेली. जाताना म्हणाली, “माझा नंबर तू घे.”

तो घेणार नव्हता. तसा नियम नाही.

एकेक करून बाग रिकामी झाली. बाकं रिकामी झाली. त्याला तिथून काढायची मला एकच युक्ती येत होती, आणि ती झोक्यावर बसलेल्या माणसासाठी होती. नंबराची वाट बघणाऱ्यासाठी आईनं काही शिकवलंच नव्हतं. तशी वेळ येईल असं तिला वाटलं नसणार. शेवटी पाय दुखायला लागले म्हणून मी त्याच्या मागे जाऊन खांबाला टेकले. त्यानं वळून बघितलं. वाट बघत राहिला. मग मला कळलं, मी तोंडानं म्हटलं नाही.

“पुढचा नंबर माझा,” मी म्हटलं.

त्यानं मान डोलावली.

दिवे लागायच्या सुमाराला वॉचमन फाटकाकडून आला. किल्ल्यांचा जुडगा चांगल्या हातात. लांबच थांबला.

“ताई, बंद करायचंय.”

“करा.”

“असं कसं? त्याला न्या की.”

“तुम्ही न्या. तुमचं ऐकतो तो.”

तो जरा जवळ आला. मग आणखी जवळ. “घाबरतो का मी? अजिबात नाही,” तो म्हणाला, पण प्लास्टरचा हात त्यानं पाठीमागे नेला. “समितीला काय सांगू, ताई? रोज असंच का?”

मला काय माहीत, रोज कसं ते. घरी गेल्यावर काय आहे तेवढं मला माहीत होतं. खांदा आत्ताच ठणकत होता.

गुंडूनं त्याला बघितलं आणि ओळखलं. पुढे होऊन त्याचा चांगला हात धरला. वॉचमन जागच्या जागी ताठ झाला, किल्ल्या वाजल्या. गुंडूनं तो हात किल्ल्यांसकट ओढत आणला आणि खांबावर टेकवला, माझ्या हाताच्या मागे. मग आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला आणि वरच्या रिकाम्या कड्यांकडे बघू लागला.

वॉचमननं माझ्याकडे बघितलं. हात खांबावरच होता. काढला तर काय होईल, ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.